नडगीचं दुखणं आणि जून महिन्याचा सराव

सातारा भागातल्या शाळांत लांब पल्ल्याचा सराव खऱ्या अर्थाने सुरू होतो तो जूनमध्ये. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं मामाच्या गावाला किंवा लग्नकार्यात असतात. शाळा उघडली की तालुक्याच्या स्पर्धा लगेच दिसू लागतात. त्यातच पाऊस सुरू होतो, मुरमाच्या ट्रॅकचा चिखल होतो आणि पोरं डांबरी रस्त्यावर, घाटाच्या चढ-उतारावर धावायला लागतात. क्रीडाशिक्षक म्हणून मी दरवर्षी बघतो: सराव सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की कुणीतरी नडगी धरून बसतंच.

गेल्या वर्षी आमची नववीतली एक मुलगी बसली. 3000 मीटरची, जिद्दी, ‘दुखतंय’ हा शब्द सहज तोंडातून न काढणारी. नडगीच्या आतल्या कडेला हातभर लांब ठणका लागला असता तर मला एवढी काळजी वाटली नसती. तसं दुखणं थोड्या विश्रांतीने, पोटरीच्या व्यायामाने बरं होतं. पण तिचं दुखणं एका बोटाखाली मावत होतं, आणि त्या पायावर एक उडी मारायला सांगितलं तर तिने ओठ दाबून धरले. एक्स-रे काढला, तो अगदी स्वच्छ आला. वडील म्हणाले, “हाड मोडलं न्हाई म्हणत्यात, मग पळू द्या की सर.” त्यांचं चुकत नव्हतं. पण अशा दुखण्यात पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये काहीच न दिसणं नेहमीचं असतं. पुण्यात एमआरआय केल्यावर हाडाच्या आतली सूज दिसली. भेग पडलेली नव्हती, पण वाट तिकडेच चालली होती.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग कोरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. कोरायला साधारण तीन आठवडे लागतात, भरून पक्कं व्हायला तीन महिने. म्हणजे अचानक सराव वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा कमकुवत असतं, आणि दम मात्र तोवर वाढलेला असतो. मूल जोरात पळू शकतं, म्हणून ते पळतं. आमचं जूनचं वेळापत्रक नेमकं या खड्ड्यावर येऊन उभं राहत होतं.

चालताना अजिबात दुखेनासं झाल्यावर तिला हवेच्या दाबावर चालणाऱ्या ट्रेडमिलवर घेतलं. कमरेला घट्ट चड्डी, तिची चेन यंत्राच्या फुगवट्याला जोडायची, आत हवा भरली की शरीर वर उचललं जातं. वजन अगदी एक-एक टक्क्याने कमी करता येतं. या कल्पनेचं मूळ नासामध्ये आहे, आणि तिथे विचार उलटा होता: अंतराळात हाडं झिजतात, म्हणून हवेच्या दाबाने माणसाला ट्रेडमिलवर खाली दाबायचं. जमिनीवर तोच दाब वर उचलायला वापरला. मुलीला निम्म्याच्या जरा वर वजनाने सुरुवात करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तरच पुढची पायरी. धावायला मिळालं म्हणून तिचा चेहरा जो खुलला, त्यासाठी पुण्याची एसटी मला कधीच जड वाटली नाही.

एक गोष्ट तिथेच लक्षात आली. वजन हलकं झालं की मुलं तरंगत लांब पावलं टाकतात, पावलांची गती घटते. ती सवय रस्त्यावर आली तर घातक. म्हणून फिजिओ मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारं ॲप, लावायची. तिची मिनिटाला 160 पावलं होती, ती 168 पर्यंत नेली, वेग तोच ठेवून. पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा आणि कमरेच्या सांध्यावरचा भार कमी होतो. सातारला परतल्यावर हे काम साध्या जीपीएस घड्याळाने होतं.

बुटात बसवायच्या सेन्सरबद्दल मात्र माझं मत बरंच थंडावलं. पाऊल किती जोरात आपटतं ते हा सेन्सर सांगतो. पण नडगीच्या हाडावरचा मोठा भार येतो तो पोटरीचे स्नायू हाडाला आवळतात त्यातून, आणि तो सर्वाधिक असतो पाऊल आपटताना नव्हे, तर पूर्ण टेकून अंग पुढे झुकत असताना. आकडा कमी दिसला म्हणून हाड सुरक्षित आहे, असं म्हणता येत नाही. ते पैसे मी पालकांना खर्च करू देणार नाही.

कुठल्याच यंत्राने न सांगितलेली गोष्ट डॉक्टरबाईंनी दोन प्रश्नांत काढली: पाळी नियमित येते का, आणि सरावाला काय खाऊन येतेस. पाळी काही महिने आली नव्हती. पहाटे उपाशीपोटी पळून ती थेट वर्गात बसायची. खाणं खर्चापेक्षा कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं आणि हाडही भरत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून यावर स्वतंत्र मार्गदर्शन दिलेलं आहे. शाळेच्या मैदानापर्यंत ते पोहोचलेलं नाही. मुली हे मला सांगणार नाहीत, म्हणून आता आमच्या शाळेतल्या एक बाई दर महिन्याला धावणाऱ्या मुलींशी निवांत बोलतात. सरावाआधी केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, आणि संपल्यावर दूध-भाकरी, हे आईला नीट पटवून दिलं.

यंदा सराव मेच्या मध्यापासूनच सुरू केला, गावी असलेल्या मुलांनाही: दिवसाआड, थोडं चालणं, थोडं धावणं, मातीच्या वाटेवर. जूनमध्ये दर चौथा आठवडा हलका. पावसात रस्ता वाढवायचा नाही. त्या दिवशी वरांड्यात एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम, दोरीउड्या, आणि तलावात पट्टा बांधून खोल पाण्यात धावणं. पट्ट्यामुळे अंग तरंगतं, पाय तळाला लागत नाहीत, दम मात्र पुरेपूर लागतो. उताराचं धावणं ऑगस्टपर्यंत बंद.

ती मुलगी आता दहावीत आहे, पाळी नियमित झाली आहे. वडिलांशी बोलून यंदा तिचं नाव फक्त 1500 मीटरला दिलं आहे. 3000 तिने मागितलं होतं; जिल्ह्याच्या स्पर्धेनंतर पाय तपासू आणि मग ठरवू, असं तिला सांगितलंय.