चिखलातला पाय

फॉर्मवर प्रश्न होता, ‘ज्या गावी परत जाणार, तिथे तुमचं कोण आहे?’

‘पाय आहे,’ समोर बसलेले पाती म्हणाले.

माझ्या सहकाऱ्याने, थ्राने, ते मला इंग्रजीत सांगितलं आणि स्वतःच खो खो हसत सुटला. त्याचाही डावा पाय गुडघ्याखाली नाही, त्यामुळे त्याला हसायचा हक्क होता. मला नव्हता. मी पेन धरून ‘नातेवाईक’ या चौकोनाकडे बघत बसलो.

सप्टेंबर 2018. जागा मे ला, थायलंडच्या ताक प्रांतातला, म्यानमारमधून आलेल्या करेन निर्वासितांचा कॅम्प. मे सोत गावातून 105 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला तासभर गेलं की डाव्या हाताला चुनखडीचे उभे कडे लागतात आणि त्यांच्या पायथ्याशी पानांनी शाकारलेली हजारो छपरं. बांबू आणि पानं, बस्स. पक्कं काही बांधायला परवानगी नाही, कारण हे सगळं ‘तात्पुरतं’ आहे. तात्पुरतं म्हणजे 1984 पासून. 2018 मध्ये सरहद्दीवर असे नऊ कॅम्प होते आणि त्यांत लाखाच्या आसपास माणसं. एकट्या मे लामध्ये 35 हजारांच्या घरात. त्यांना बाहेर पडायला बंदी होती, आणि आम्हा बाहेरच्यांना संध्याकाळनंतर आत थांबायला.

मी कृत्रिम पाय बनवतो. शिक्षण मुंबईत, हाजी अलीला. तिथून फिरत फिरत या कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये आलो. करेन भाषेत थ्रा म्हणजे मास्तर. शाळेतला गुरुजी थ्रा, औषध देणारा थ्रा, पाय बसवणाराही थ्रा. मी माझ्या सहकाऱ्याला थ्रा म्हणायचो, तो मला थ्रा म्हणायचा, आणि बाकीचे दोघांनाही थ्रा म्हणायचे. कोणाला हाक मारली ते आवाजाच्या दिशेवरून ओळखायचं. पाती म्हणजे काका.

तो काळ परतीच्या हवेचा होता. करेन नॅशनल युनियन या करेन लोकांच्या सशस्त्र संघटनेने 2012 मध्ये म्यानमार सरकारशी शस्त्रसंधी केला, ऑक्टोबर 2015 मध्ये देशव्यापी करारावर सही केली. वर्षभराने 71 जणांची पहिली तुकडी सरकारी शिक्क्यासह पलीकडे गेली. त्याआधी 2005 पासून लाखाहून जास्त लोक विमानात बसून अमेरिकेला आणि आणखी कुठे कुठे गेले होते, पण तो दरवाजाही बंद होत आला होता. देणगीदारांचा पैसा हळूहळू सरहद्दीवरच्या मोएई नदीपलीकडे, म्यानमारात, वळत होता. कुणी ‘जा’ म्हणत नव्हतं. फक्त रेशनचं माप आणि छपराची पानं यांचा हिशेब दरवर्षी आवळत होता. परतीसाठी नाव द्यायचं, मुलाखत द्यायची, मग यादी दोन्ही सरकारांकडे जाणार आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. नाव देणाऱ्यांत कुणाला कृत्रिम पाय असेल तर त्याचा एक कागद आमच्याकडे यायचा. तिथे त्याचं काय अडेल, ते आम्ही लिहायचं.

पातींचं काय अडणार ते त्यांनी आधीच ठरवून आणलं होतं. ‘मला चिखलात चालणारा पाय दे.’

मी नाही म्हणालो. आज लिहायला लाज वाटते, पण कारणं माझ्याकडे तयार होती. माणशी एक पाय हा नियम. पाय चांगला, टिकाऊ बनवू, बरोबर सुटे पट्टे देऊ. नदीपलीकडे दुरुस्तीची सोय म्हणजे फा-आन शहरातलं कृत्रिम पायांचं केंद्र, आणि पातींच्या डोंगरातून तिथे पोचायचं म्हणजे दिवस मोडणार. शिवाय नदीपलीकडच्या म्यावडी शहराच्या दक्षिणेला ले के कॉ नावाचं नवं गाव परतणाऱ्यांसाठी बांधलं होतं. जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या पैशातून उभी राहिलेली घरं, शाळा, रस्ता. तिथे जा की, मी म्हणालो. पाती ऐकून घेत होते. मनगटावर ऑगस्टमधल्या धागे बांधायच्या सणाचा पांढरा दोरा होता, मळून करडा झालेला. सुपारीचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

‘तिथे माझी सुपारी आहे का?’ त्यांनी विचारलं.

त्यांची सुपारीची बाग आणि भाताची खाचरं कॉकरेकच्या बाजूच्या डोंगरात. 1997 च्या फेब्रुवारीत बर्मी फौज त्या भागात घुसली तेव्हा गाव उठून जंगलात गेलं. काही आठवड्यांनी पाती लपवलेलं भात आणायला म्हणून मागे गेले. बांधावर पाऊल पडलं. सुरुंग कोणाचा, हे विचारायचं नाही, अशी तंबी थ्राने मला पहिल्याच आठवड्यात दिली होती. पेरणारे दोन्हीकडचे होते. पाय त्यांच्या स्वतःच्या बांधावर राहिला, म्हणून फॉर्मवरचं ते उत्तर.

खाचर म्हटल्यावर मात्र माझी जीभ जरा चुकली. माझं आजोळ संगमेश्वरच्या आत. लावणीचे दिवस लहानपणापासून पाहिलेले. म्हटलं, आमच्याकडेही भातच, चिखल मलाही कळतो. पाती लगेच म्हणाले, ‘मग चल.’

वर्कशॉपमागे ओढ्याला लागून एक सखल तुकडा होता. आदल्या रात्रीचा पाऊस त्यात साचलेला. पातींनी लुंगी खोचली, पायात आमच्याच वर्कशॉपचा जुना पाय, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले. पहिलं पाऊल खरं पायाचं, छान. दुसरं रबरी पायाचं. ते घोट्याच्या वर रुतलं. त्यांनी उचललं तर गुडघा वर आला आणि पाय तिथेच. फस्स असा आवाज झाला, सॉकेट, म्हणजे पायाची वरची खोळ, ठुंठावरून सुटलं, आणि पाती सरळ चिखलात बसले. मला ओढून. चारपाच पोरं कुंपणाला लटकून बघत होती, त्यांची करमणूक झाली.

चिखलात बसल्या बसल्या मी माझाच पाय उपसून बघितला. दोनदा, तीनदा. आपण चिखलातून पाऊल काढतो तेव्हा टाच आधी वर घेतो, बोटं मिटतो, पाऊल तिरकं करून हवेला वाट देतो आणि मग ओढतो. आजोळी शंभरदा केलेलं, कधी लक्षात आलं नव्हतं. रबराच्या पावलाला बोटं मिटता येत नाहीत. ते आडवं, सपाट, चिखलाला चिकटून बसतं. वर ओढावं तेवढं आत पोकळी होऊन जास्त धरतं. रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर सेठींनी जयपूरला साठच्या दशकाच्या शेवटी लवचीक पाऊल केलं ते उगीच नाही. पण ते आमच्या कपाटात नव्हतं. आमच्याकडची पावलं कडक, बुटातली.

‘पाऊलच नको,’ थ्रा काठावरून म्हणाला. ‘पाऊल काढून टाक.’

उत्तर तेच होतं. पाऊल नसलेला पाय. खाली नुसतं बोथट टोक, मुसळासारखं, पण जरा फुगीर, म्हणजे फार खोल जाणार नाही आणि ओढलं की सुटून येईल. असे पाय शेतकऱ्यांसाठी करतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. ‘दिसायला वाईट’ म्हणून मी कधी केला नव्हता. वाईट कोणाला दिसणार होता, देव जाणे.

त्याच दुपारी माप घेतलं. ठुंठावर ओला पातळ मोजा चढवायचा आणि कॉपिंग पेन्सिलने खुणा करायच्या: गुडघ्याच्या वाटीखालची शीर, बाहेरच्या बारक्या हाडाचं टोक, नडगीची धार. वजन कुठे द्यायचं आणि कुठे अजिबात द्यायचं नाही, ते या खुणा सांगतात. मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि ते धरेपर्यंत दोन्ही अंगठे वाटीखाली दाबून बसायचं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. दर वेळी माणूस एकदा तरी दचकून बघतो. पाती दचकले नाहीत. त्यांचा हा सहावा पाय होता. साच्यावरून पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक ओढताना थ्राचा हात माझ्याहून चांगला. भट्टीतली पांढरी शीट काचेसारखी आरपार दिसायला लागून पापडासारखी लोंबली, की तो ती एका झटक्यात साच्यावर टाकतो, पंपाने हवा खेचतो, आणि कडा दाबत कसलंसं चर्चचं गाणं म्हणतो.

नियमाचं काय केलं? जुन्या पायाची ‘दुरुस्ती’ म्हणून नोंद केली. एक दुरुस्ती जरा मोठी झाली, एवढंच.

पुढच्या आठवड्यात पातींबरोबर त्यांची मुलगी आली. वय एकोणीस, जन्म कॅम्पातला, खाचर कधी न बघितलेली. भात रेशनवर येतं. ते पेरतात, उपटतात, परत लावतात, हे तिला शाळेत शिकवलेलं. तिला जायचं नव्हतं. ती हे वडिलांच्या समोर, पण त्यांच्याकडे न बघता म्हणाली. दहावीपर्यंतचं तिचं सर्टिफिकेट नदीपलीकडे कोण मानणार? बर्मी भाषा तिला मोडकी यायची. आणि सुरुंगांच्या वर्गात लाल कवटीची पाटी दाखवून तिला शिकवलं होतं की वाट सोडून कुठे जायचं नाही. ‘आणि यांची बाग वाट सोडूनच आहे,’ ती म्हणाली. पाती सुपारी कातरत होते. मी पाना, पट्टे, ठुंठाचे मोजे तिच्यापुढे ठेवले आणि पाय बदलायचा कसा, बोल्ट किती आवळायचा, फोड आला तर किती दिवस पाय घालायचा नाही, ते दाखवलं. तिने एकदा बघितलं आणि थ्रापेक्षा सफाईने केलं. पण येणार असं काही म्हणाली नाही.

बागेच्या कागदाचंही एक त्रांगडं होतं. म्यानमारात शेतजमिनीच्या हक्काच्या दाखल्याला लोक ‘फॉर्म सात’ म्हणतात. थ्राने सांगितलं तेव्हा मी उडालोच. म्हटलं, आमच्याकडे सातबारा असतो, त्यातलाही सात म्हणजे गाव नमुना सातच, मालकीचा. पण पातींकडे ना तो सात, ना करेन नॅशनल युनियनच्या शेती खात्याचा दाखला. वीस वर्षं नांगर न लागलेली जमीन सरकारी व्याख्येत ‘पडीक’. त्याच सप्टेंबरमध्ये पडीक जमिनीचा कायदा बदलला: सहा महिन्यांत नोंद करा, नाहीतर स्वतःच्या रानात पाऊल टाकणं हा गुन्हा. पलीकडे नसलेल्या माणसाने नोंद कशी करायची, याचं उत्तर कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. ‘हद्द कशी दाखवाल?’ मी विचारलं. पाती म्हणाले, वरच्या अंगाला फणस आहे, खालच्या अंगाला ओढा. फणस असेल का अजून, असं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

नवा पाय घालून ते परत त्या सखल तुकड्यात उतरले. टोक रुतलं, सुटलं. रुतलं, सुटलं. चिखल नडगीच्या मध्यापर्यंत येत होता. सात-आठ पावलांनंतर त्यांनी माझा खांदा सोडला. मग वाकून, हातात काहीच नसताना, रोपं खोचत मागे मागे सरकायला लागले. तीन बोटांनी, अंगठा आत दाबत. माझी आजी तसंच लावायची. कुंपणावरची पोरं या वेळी हसली नाहीत. ‘आजोबा काय करतात?’ एकाने थ्राला विचारलं.

2019 च्या सुरुवातीला ते बसमध्ये बसले. दोन पाय: एक बुटातला, अंगावर, आणि एक पिशवीत. मुलगी बरोबर होती. का गेली, ते मला कधीच कळलं नाही. सरहद्दीवरच्या मैत्री पुलाच्या पलीकडे घड्याळ अर्धा तास मागे करावं लागतं. थायलंडहून भारत दीड तास मागे, म्हणजे पाती माझ्या घराच्या दिशेने एक तृतीयांश वाट गेले, असा काहीतरी वेडगळ हिशेब मी त्या दिवशी करत होतो.

मी 2020 मध्ये परत आलो. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारात फौजेने सत्ता घेतली. डिसेंबरमध्ये फौज ले के कॉमध्ये शिरली, लढाई पेटली, आणि ज्यांना आम्ही ‘तिथे जा की’ म्हणत होतो ते हजारोंनी मोएई नदी ओलांडून थायलंडच्या काठावर ताडपत्रीखाली येऊन बसले. जानेवारीत थ्राचा फोटो आला. नदीकाठच्या गवतावर ठेवलेला एक पाय. खाली मजकूर नव्हता.

पाऊल नव्हतं. मुसळासारखं टोक, एका बाजूला झिजलेलं. पट्टा आमचा नव्हता, नायलॉनची निळी दोरी होती, बोल्टपाशी नीट दुहेरी गाठ मारलेली. आणि नडगीच्या मध्यावर, चिखल जिथवर चढतो तिथे, पांढऱ्या प्लॅस्टिकवर तपकिरी रेघ. एका पावसात अशी रेघ पडत नाही. मी फोटो मोठा करून बघितला. रेघेखाली आणखी एक पुसट रेघ होती, तिच्याखाली आणखी एक.

मी फोन केला. पाती बरे होते. कापणी उरकत आलेली असताना तोफा सुरू झाल्या, शेतात होते म्हणून हाच पाय अंगावर होता. बुटातला घरी खुंटीला राहिला. मुलगी बरोबर आहे, गाठ तिचीच.

‘फणस?’ मी विचारलं.

थ्राने फोन बाजूला धरून विचारलं. मागून पातींचा आवाज आला, मग थ्राचं ते जुनं हसणं.

‘आहे म्हणतात. आणि विचारतायत, माप तुझ्याकडे अजून आहे का? बुटातला नको, परत हाच हवाय.’