तारेवरचे धूळस्नान

दिंडोरी रस्त्यावरच्या एका परिचितांच्या शेडमध्ये गेल्या आठवड्यात पिंजऱ्यातली एक कोंबडी मी बराच वेळ पाहत उभा होतो. पायाखाली नुसती तार असतानाही ती खाद्याच्या पन्हळीशेजारी बसून, पंख फुलवून, नसलेल्या मातीत धूळस्नान करत होती, म्हणजे पिसे साफ करायला अंगावर माती उडवल्यासारखे करत होती. अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधणे, रात्री उंचावर बसणे, माती उकरणे या तिच्या उपजत गरजा पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढूनही गेलेल्या नाहीत. युरोपीय संघात साध्या पिंजऱ्यात प्रत्येक कोंबडीमागे किमान ५५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदाहूनही कमी जागा ठरलेली होती. १ जानेवारी २०१२ पासून तिथे असे पिंजरे बंद झाले. पिंजऱ्यात हालचालीअभावी कोंबडीची हाडे ठिसूळ होतात, हे मला सर्वांत जास्त खुपते. मोकळ्या शेडमध्येही एकमेकींची पिसे उपटणे, विष्ठेच्या संपर्कातून जंत होणे, दांडीवरून पडून छातीचे हाड मोडणे हे प्रश्न असतातच, आणि तिथे राखण्याचे कसब अधिक लागते. म्हणून परिचितांना मी एवढेच सुचवले की, एका कोपऱ्यात भाताचे तूस पसरून, अंडी घालण्यासाठी अंधारी खोकी ठेवून वीस-पंचवीस कोंबड्या मोकळ्या सोडून पाहाव्यात. ते तयार झाले आहेत.