टिटवीची गळती सापडली! (मुक्काम जयगड, तीन नंबरचा बावटा)

मंडळी, गेल्या वेळी लिहिलं होतं की आमच्या शिडाच्या बोटीतून, टिटवीतून, हर्णैपासून दर तीन तासांनी एक बादली पाणी उपसतोय आणि ते येतं कुठून तेच कळत नाही. आज कळलं. वारा बिघडला नसता तर गोव्यापर्यंत असेच उपसत गेलो असतो.

परवा दाभोळ सोडलं तेव्हा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा) चांगली होती, पण दहाच्या आधीच मरून गेली आणि दक्षिणेकडून काळं भरून आलं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होताच, तो किनाऱ्याकडे सरकला. दुसरा रीफ घेऊन, म्हणजे शीड आणखी आखडून, दुपारी जयगडच्या खाडीत शिरलो तोवर बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागला होता, तवसाळची फेरीसुद्धा बंद. मच्छीमारांच्या बोटी एकीला एक बांधून उभ्या. आम्ही भरतीच्या माथ्यावर टिटवी आतल्या वाळूत चढवली, दोर माडाला बांधला आणि एका ओळखीच्या घरी ओटीवर झोपलो.

काल कार्तिक वद्य चतुर्थी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चारची तीन, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. सहालाच बोट पूर्ण कोरडी. आधी मी मागच्या फळीचा ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच) परत उघडून बसवला, मग खालच्या कोपऱ्याच्या जोडावरून हाताचं बोट फिरवत बसलो (हे दोन्ही तुम्हीच सुचवलं होतंत, तिथे काही नाही). तेवढ्यात एक चाचा आले, जन्म तांडेलकीत गेलेला माणूस. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले की बाहेरून आत कशाला शोधतोस, आत पाणी भर आणि बाहेर बघ. इतकं साधं! दुकानातून निळीची बाटली आणली, बोट सरळ उभी करून टायरांवर टेकवली आणि वीस-बावीस बादल्या निळं पाणी आत ओतलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) फटीतून एक निळा थेंब लोंबला, पडला, दुसरा आला, आणि वाळूवर रुपयाएवढा निळा डाग झाला. मी आणि धाकटा दोघंही गुडघ्यावर बसून तो डाग बघत होतो, मला तर इतका आनंद झाला की विचारू नका.

म्हणजे केसचा (बोर्ड ज्या पेटीत बसतो तिचा) खालचा जोड नाहीतर पिव्हट बोल्ट, ज्यावर बोर्ड फिरतो तो. पाणी थोडं थोडं काढत गेलो, पातळी बोल्टच्या खाली गेली आणि थेंब थांबले. बोल्टच! पाणी काढून बोट आडवी केली, बोल्ट बाहेर काढला तर रबरी वॉशर बिस्किटासारखा तुटला आणि बोल्टच्या मधल्या भागात सुईने टोचल्यासारखे खड्डे. मुंबईच्या एका दुकानातून 316 जातीचं स्टेनलेस म्हणून घेतला होता, दोन सीझनही झाले नाहीत. मला तो 304 वाटतो. चुंबक लावून हे कळत नाही, दोन्हीला तो चिकटत नाही, 316 मधला मॉलिब्डेनम धातूच खाऱ्या पाण्यात वाचवतो. पण खरा 316 सुद्धा वॉशरखालच्या साचलेल्या पाण्यात खड्डे धरतो, त्यामुळे सगळा दोष दुकानावर टाकत नाही.

त्याहून वाईट म्हणजे बोर्ड हलून हलून केसचं भोक लांबोळकं झालंय आणि आतला प्लाय ओला. प्लाय 710 मार्कचा (पाण्यात टिकणारा मरीन) आहे म्हणून निदान पदर सुटले नाहीत. ठरवलं की भोक 20 मिमीपर्यंत मोठं करायचं, इपॉक्सीने (दोन भाग कालवून घट्ट होणारा गोंद) भरायचं आणि परत 12 मिमीचं पाडायचं. पण ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. घरातल्या ताईंनी हेअर ड्रायर दिला, तो लावला आणि लाईट गेली. शेवटी स्पिरिट लावून, कापड कोंबून, परत स्पिरिट असं दुपारी दोनपर्यंत चाललं.

तोवर पाणी चढायला लागलं. पौर्णिमेनंतर रोज भरती उतरते म्हणून मी निर्धास्त होतो, पण वाऱ्याने पाणी खाडीत ढकललेलं, लाट वाळूच्या कडेपर्यंत आली. आठ जणांनी नारळाच्या ओंडक्यांवरून टिटवी अजून पाच फूट वर घेतली. लाईट आली चारला. अर्धा तास ड्रायर मारला आणि गावात मिळालेलं साधं अरल्डाइट (तेही इपॉक्सीच) लाकडाच्या पिठात कालवून भरलं (पाच मिनिटंवालं चुकूनही वापरू नका, पाण्यात टिकत नाही). वॉशर पंक्चरवाल्याकडच्या ट्रकच्या ट्यूबमधून कापले, दोन्ही बाजूंना दोन-दोन.

आज दुपारी नवं भोक पाडलं, जवळ जादा बोल्ट होता तो बसवला. पंचमीची भरती पावणेचारला, पण पाणी बोटीपर्यंत आलंच नाही, परत ओंडके, परत तेच आठ जण. नांगरावर तीन तास झालेत. आत्ता टॉर्च लावून स्पंज फिरवला, कोरडा.

बावटा अजून खाली आलेला नाही, उद्याही इथेच. गोव्याचा हट्ट मात्र सोडला, एवढ्या ताज्या इपॉक्सीवर नको. विजयदुर्गापर्यंत जायचं, वाघोटन खाडीत गिर्येची जुनी आरमारी गोदी बघायची आणि बोट तिथेच ठेवायची. आणि हे लिहिताना सुचतंय की पावसाळ्यात पिव्हट केसमधून काढून खाली कीलमध्येच (बोटीच्या तळाच्या कण्यातच) घालावा, मग गळलं तरी पाणी बोटीत येणार नाही. कोणी केलंय का असं? बोर्ड काढायला किती त्रास होतो? आणि 12 मिमीचा ब्राँझचा रॉड किरकोळीत कुठे मिळतो तेही सांगा.