आमची वाटचाल : शाळेच्या गणवेशाकडून पदवीच्या गाऊनकडे

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्याचं वर्ष मार्चला सुरू होतं आणि शाळा भरल्या की जवळपास संपतं. पुढे मशिनींवर कापड टाकून ठेवायचं, कारागिरांना उचल देत राहायचं आणि दिवाळीकडे डोळे लावून बसायचं. वडिलांनी कारखाना काढला तेव्हापासून हेच चालू होतं. पदवीदान समारंभ साधारण हिवाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत होतात. आम्ही गाऊनच्या धंद्यात शिरलो ते या रिकाम्या महिन्यांपायी. त्यामागे दुसरा कुठलाही थोर विचार नव्हता.

पहिली ऑर्डर एका इंजिनिअरिंग कॉलेजची. त्यांनी नमुना म्हणून एक जुना काळा गाऊन पाठवला. आमच्या अण्णांनी, म्हणजे कटिंग मास्तरांनी, तो टेबलावर पसरला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "शिवायला काय, सोपाय. पण एवढं कापड दोन तासांसाठी?" प्रश्न रास्त होता. एका गाऊनला साडेतीन मीटरच्या आसपास कापड जातं. घेर मोठा, बाह्या रुंद, आणि पाठीवर खांद्याच्या पट्टीखाली चुण्यांची रांग. गाऊनचा सगळा डौल त्या चुण्यांत असतो. त्या विरळ पडल्या की गाऊन न्हाव्याच्या दुकानातल्या चादरीसारखा दिसतो. स्वस्त गाऊन ओळखायचा असेल तर तो पाठीकडून बघावा.

हा पोशाख मुळात थंड मुलखातला. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकणारे मध्ययुगात चर्चच्या शिस्तीत राहत. दगडी इमारती, शेकोटी नसलेल्या खोल्या, म्हणून अंगावर लांब झगा आणि डोक्यावर ओढायला टोपडं. त्या टोपड्याचं पुढे हूड झालं, म्हणजे गाऊनवर गळ्यातून पाठीवर सोडतात ते रंगीत कापड. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तिथून १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे आणि भांडारकर होते. विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर निघालेलं, त्यामुळे पोशाखही तिकडचाच आला. सोलापूरच्या उन्हात, पत्र्याच्या मांडवाखाली तो घालणाऱ्याचे हाल आम्ही डोळ्यांनी पाहिलेत. म्हणून अस्तर कधी लावत नाही आणि जाड टेरिकॉटऐवजी हलकं मॅटी कापड वापरतो.

खरी डोकेदुखी गाऊनची नाही, हुडाची. इंग्लंडात हुडाच्या पुढच्या टोकाला छोटा फास असतो. तो शर्टाच्या गुंडीत अडकवला की हूड जागचं हलत नाही. आपल्याकडे निम्म्या मुली साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये येतात. गुंडी आणायची कुठून? मग हूड पाठीकडे घसरतं आणि पुढची पट्टी गळ्यात रुतते. मुली सेफ्टी पिना मारतात, त्यानं साटीनला भोकं पडतात आणि परत आलेला माल पुढच्या वेळी देता येत नाही. यावर अण्णांनी साधा तोडगा काढला. गाऊनच्या दोन्ही खांद्यांवर आणि हुडाच्या आतून टिचबटणं लावली. टिचकन दाबलं की हूड घट्ट. आज आमचा माल त्या टिचबटणांमुळे ओळखला जातो.

टोपीचंही तसंच. चौकोनी पुठ्ठ्यावर कापड चढवायचं, मधोमध बटण, बटणाला गोंडा. साधा पुठ्ठा घामानं आणि दमटपणानं वाकतो म्हणून आम्ही आत प्लॅस्टिकची शीट घालतो. मागे इलॅस्टिक, कारण अंबाडा आणि गजरा दोन्ही सांभाळायचे असतात. टोप्या हवेत उडवायची हौस अमेरिकेतली. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत १९१२ साली मुलांनी टोप्या भिरकावल्या, तिथून ही पद्धत पसरली असं सांगतात. त्या मुलांना नव्या अधिकाऱ्याच्या टोप्या मिळाल्या होत्या, जुन्या परत द्यायच्या नव्हत्या! आमच्या मात्र संध्याकाळी मोजून परत घ्याव्या लागतात. उडवलेली टोपी कोपऱ्यावर पडते आणि कोपरा गेला की टोपी गेली. अनामत रकमेतून सगळ्यात जास्त कापलं जातं ते याच एका फोटोपायी.

काही विद्यापीठांनी पदव्या कॉलेजांतच वाटायला सुरुवात केली आणि आमचं काम शिवण्यापेक्षा भाड्याचं जास्त झालं. एका दिवसासाठी कॉलेज गाऊन विकत कशाला घेईल? आता आमच्याकडे शिवणखात्यापेक्षा धुलाई-इस्त्रीची खोली मोठी आहे. विद्याशाखेप्रमाणे हुडाचा रंग बदलतो आणि प्रत्येक विद्यापीठाचा नियम निराळा. त्यात रंगाऱ्याकडून आलेला पुढचा ताका आधीच्या शेडला जुळेलच असं नाही. त्यामुळे एका शाखेचं सगळं कापड एकाच वेळी उचलायचं, मग पैसे अडकले तरी चालतील. पैसे अडकतातच म्हणा. समारंभाला मंत्री येणार म्हणून रात्री बारापर्यंत फोन करणारी एक संस्था बिल मागितल्यावर वर्षभर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सांगत होती.

२०२० आणि २०२१ ला समारंभ पडद्यावर झाले आणि गाऊन डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात राहिले. आम्ही मास्क शिवून दिवस काढले.

त्यानंतर सावरलो ते बालवाडीच्या जिवावर. सीनिअर केजीचं पोर पहिलीत जाताना त्याचा 'ग्रॅज्युएशन डे' करायची टूम निघाली आहे. मला विचाराल तर हा शुद्ध पोरकटपणा. पण त्या छोट्या निळ्या गाऊनांची मागणी मोठ्यांपेक्षा नियमित असते आणि शाळा पैसे आगाऊ देतात, त्यामुळे तोंड बंद ठेवून शिवतो.

आता वारं भारतीय पोशाखाचं आहे. २०१० मध्ये भोपाळच्या एका पदवीदान समारंभात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच गाऊन उतरवला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये समारंभाचे पोशाख हातमागाच्या कापडाचे करा असं विद्यापीठांना कळवलं. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडायला सांगितलं. पुण्यात २०१९ च्या समारंभात पुणेरी पगडी आली, तर विद्यार्थ्यांनी फुले पगडीचा आग्रह धरला. म्हणजे इंग्रजांची टोपी काढणं सोपं, तिच्या जागी काय घालायचं हे ठरवणं अवघड.

आमच्यासारख्यांची अडचण मात्र वेगळीच आहे, मापाची. गाऊन ढगळ असतो. बारीक, जाड, साडीतली, जीन्समधली, सगळी त्यात मावतात. आत उसवलेला शर्ट आहे की रेशमी साडी, कुणाला दिसत नाही. मला गाऊन आवडतो तो याचसाठी. झब्ब्याचं तसं नाही. छाती, खांदा, बाही, सगळं मापात लागतं आणि भाड्याचा झब्बा दुसऱ्याच्या अंगावर गेला की लगेच कळतो.

यातून मधला मार्ग उपरण्याचा. मुलांनी घरचेच पांढरे कपडे घालावेत आणि वरून विद्याशाखेच्या रंगाचं काठाचं उपरणं घ्यावं. त्याला माप लागत नाही, धुवायला सोपं, आणि ते ज्याचं त्याला देऊन टाकता येतं. सोलापूरचं नाव हातमागावर झालं, पण आता गावात यंत्रमागच फार आणि हातमाग बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्याच दोन विणकरांकडून आम्ही काठ विणून घेतो. मागाचा वेग बघता मोठ्या कॉलेजची ऑर्डर असेल तर गणपतीच्या आत कळवावं लागतं. गाऊनच हवे असतील तर दिवाळीनंतर कळवलंत तरी चालेल, फक्त यादीत प्रत्येकाची उंची लिहा. 'फ्री साइज' लिहून पाठवू नका. सहा फुटी पोराचा गाऊन गुडघ्यावर येतो आणि शिव्या आम्हाला बसतात.