एम.ए. झाल्यावर पगार वाढला का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

नाही वाढला. एका रुपयाचाही फरक पडला नाही. ज्यांना एवढंच हवं होतं, त्यांच्यासाठी उत्तर इथं संपलं.

बाकीच्यांसाठी लिहिते. चार वर्षं तुम्ही विचारताय आणि मी दर वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेतेय. स्टाफरूममध्ये विचारलंत, तालुक्याच्या कलाशिक्षकांच्या बैठकीत विचारलंत, नणंदेच्या मुलीच्या हळदीला विचारलंत. "ए.टी.डी.ची शिक्षक-पदविका आहे, नोकरी कायम आहे, निवृत्तीला बारा वर्षं उरली. आता एम.ए. कशाला? तेही कलाशिक्षणात?" कुणाला मी 'आवड' असं सांगितलं, कुणाला 'मुलगी बाहेरगावी गेली, घर रिकामं वाटतं' असं. आवड होती, पण निव्वळ आवडीपोटी कुणी महिन्यातून दोनदा शुक्रवारी संध्याकाळी कुडाळला कोकणकन्या पकडून पहाटे दादरला उतरत नाही. शनिवार-रविवार वर्ग, रविवारी रात्री परतीची गाडी, सोमवारी सकाळी पुन्हा कुडाळ, तिथून एसटी आणि आल्या आल्या पाचवी ब. पावसाळ्यात कोकण रेल्वे गाड्यांचा वेग कमी करते. तेव्हा पहिला तास चुकायचा आणि हजेरीपटावर शेरा यायचा. तीन वर्षांच्या अंशकालीन अभ्यासक्रमाला मला चार लागली, कारण मधलं एक वर्ष सासूबाईंच्या आजारपणात गेलं. ह्यातल्या कशाचीच तक्रार नाही. फक्त 'बाईंची हौस' हे शब्द पुन्हा माझ्यासमोर काढू नका.

मी गेले ते रागाने. 2009चा शिक्षण हक्काचा कायदा उघडून बघा. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, असं त्यात लिहिलंय. गणिताला शिक्षक, आम्हाला अर्धा वेळ. मी पूर्णवेळ आहे, तरी दर वर्षी संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर शिक्षकांची यादी, आली की पोटात गोळा येतो तो माझ्याच. कुणी शिक्षक रजेवर असला की तो तास चित्रकलेच्या बाईंना. दहावीचा सराव मागे पडला की चित्रकलेचा तास गणिताला. माझा विषय हा अभ्यासाचा विषय आहे, त्याला शास्त्र आहे, हे मला कागदावर, विद्यापीठाच्या शिक्क्यासकट दाखवायचं होतं. तुम्हालाच दाखवायचं होतं.

म्हणून शोधनिबंधाचा विषयही तसाच भारदस्त निवडला: 'किनारपट्टीवरील विद्यार्थ्यांच्या स्मरणचित्रांतील यथार्थदर्शनाच्या चुका'. यथार्थदर्शन म्हणजे परस्पेक्टिव्ह, जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवणं. साहित्य घरात होतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षांच्या तयारीचे मुलांचे जुने कागद मी टाकलेले नाहीत. वर्षवार गठ्ठे बांधून कपाटावर ठेवलेत. क्षितिजरेषा चुकली, होडी उभी टांगली, लांबची माणसं जवळच्यांपेक्षा मोठी झाली, असे चाळीस कागद काढले, चुकांचे प्रकार पाडले, तक्ता केला. मला फार बरं वाटत होतं.

त्यातला एक कागद मला सगळ्यात आवडला होता. 2010चा, नववीतल्या मुलाचा. विषय 'समुद्रकिनारा'. त्या कागदावर दोन किनारे होते. वर, कागदाच्या अगदी कडेला, एक बारीक पट्टी: डोंगर, झाडं, छपरं, सगळं नखाएवढं. मध्ये सगळा समुद्र. आणि खाली पुन्हा वाळू, वाकलेला माड, ओढून ठेवलेली होडी. तक्त्यात मी त्यापुढे लिहिलं होतं, 'एकाच चित्रात दोन दृष्टिबिंदू. विद्यार्थ्याला क्षितिजाची संकल्पना अवगत नाही.'

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत वर्गासमोर आराखडा मांडायचा होता. आम्ही अकरा जण होतो. बहुतेक शाळांमधले चित्रकलेचे शिक्षक, एक नृत्य शिकवणाऱ्या, एक संगीताचे सर. मी तो कागद भिंतीवर लावला आणि बोलले. चांगलं बोलले. रात्रभर गाडीत वाक्यं जुळवली होती. मार्गदर्शक मॅडम शेवटपर्यंत गप्प होत्या. मग उठून भिंतीजवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागदाला नाक लागेल इतक्या जवळून बघत राहिल्या.

"हे वरचं कुठून बघितलंय?"

मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे मॅडम, त्याला दृष्टिबिंदूच कळलेला नाही.

"नाही, नाही. वरचं एकट्याने बघा. खालचं झाका."

त्यांनी आपल्या वहीने खालचा तिसरा हिस्सा झाकला. आणि मला दिसलं. वर्गातल्या सगळ्यांनाच दिसलं असणार, कारण संगीताचे सर "अरे!" म्हणाले. ते समुद्रातून बघितलेलं होतं. होडीत बसून, गावापासून लांब, परत वळून बघितलेला किनारा. डोंगर जितके बारीक दिसायला हवेत तितकेच बारीक होते. छपरं झाडांच्या मागे होती, पुढे नव्हती. क्षितिजाची संकल्पना त्या मुलाला इतकी अवगत होती की त्यानेच मला शिकवावी.

मॅडमनी वही काढली आणि बोट खालच्या माडावर ठेवलं. "ही पेन्सिल वेगळी आहे. मऊ आहे. आणि हात मोठ्या माणसाचा आहे. हे कुणी काढलं?"

मी काढलं होतं.

विसरले होते, असं म्हणाले तर विश्वास ठेवा. बारा वर्षं झाली होती. पण त्या बोटाखाली मला माझा माड ओळखू आला. मी फळ्यावर काढते तोच, डावीकडे वाकलेला, सात झावळ्यांचा. मग सगळंच आठवलं. मी बाकांमधून फिरत होते, त्याच्यापाशी थांबले आणि विचारलं, "अरे, किनारा कुठाय?" त्याने वरच्या पट्टीवर पेन्सिल ठेवली. "हो किनारो. होडयेतसून असोच दिसता, बाई." मी म्हटलं, परीक्षक काय होडीत बसणार आहेत का? वर्ग हसला. त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला आणि माझ्या फोर बी पेन्सिलीने वाळू, माड आणि होडी काढून दिली. असं काढायचं. तो काही बोलला नाही. परीक्षेत त्याने माझा किनारा काढला, बी श्रेणी मिळवली. मी पाठ थोपटली होती.

आणि बारा वर्षांनी त्याच कागदावरची माझी रेघ मी त्याची चूक म्हणून भिंतीवर लावली.

वर्गात कुणी काही वाईट बोललं नाही. नृत्याच्या बाईंनी चहा आणून दिला. त्या रात्री गाडीत वरच्या बर्थवर मी झोपले नाही. पनवेलपर्यंत रडले, पुढे नुसती छताकडे बघत होते.

इथं तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं, एका पोराचं चित्र सुधारलं. तेव्हाची मीही हेच म्हणते आणि तिचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. अठ्ठेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, पाण्याला नळ एक, रंग अर्ध्यांकडे. स्मरणचित्रात परीक्षकाला काय चालतं ते तिला ठाऊक होतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर आज दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. पाच गुणांनी ज्याचा प्रवेश होतो किंवा हुकतो, त्या मुलाच्या बापाला जाऊन सांगा की मी तुमच्या मुलाची नजर जपली. ती मला विचारते, तू तरी काय केलं असतंस? मी उत्तर देते, निदान कागद ओढला नसता. ती म्हणते, मग तास संपला असता. आमचं हे भांडण मिटलेलं नाही.

त्यानंतर वाचलं ते वेगळ्या भुकेनं वाचलं. वीस वर्षांनी इंग्रजी, शब्दकोश मांडीवर. कलाशिक्षणाचा अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड मुलांच्या चित्रांचे टप्पे सांगतो. साधारण सात ते नऊच्या वयात मूल कागदाच्या तळाशी आधाररेषा आखतं, घर काढताना भिंतीतून आतली माणसंही दाखवतं, आणि त्यात मोठ्यांनी हात घालू नये असं बजावतो. देवी प्रसाद शांतिनिकेतनात शिकून 1944मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात, गेले आणि खेड्यातल्या मुलांना चित्रकला शिकवत राहिले. वर्ध्याला एवढं झालेलं होतं आणि ए.टी.डी.च्या वर्गात आम्हाला भूमितीची नक्षी मोजून घेत होते. त्याच सुमारास, 2022मध्ये, आपली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. मी राजापूर तालुक्यात कशेळीला जाऊन तो प्रचंड हत्ती बघून आले. त्याच्या अंगातच दुसरे प्राणी कोरलेत, मासेही आहेत. चौथीतल्या मुलाने असं काढलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे. त्या सड्यावर उभी राहून मी 'यथार्थदर्शन' हा शब्द मनातल्या मनात म्हणून बघितला. आम्ही परस्पेक्टिव्हला हाच शब्द शिकवतो. पंचवीस वर्षं तो शब्द वापरताना 'यथार्थ कुणाचं' हे मला कधी सुचलं नव्हतं.

विषय बदलला. आता निबंध त्या एका कागदाभोवती होता: समुद्रावर जाणारी मुलं किनारा कुठून बघतात. कागद छापायचा तर तो काढणाऱ्या मुलाची परवानगी हवी. मी सहा महिने गेले नाही. पाऊस, परीक्षा, सासूबाई ही कारणं होतीच, पण खरं म्हणजे धाडस नव्हतं.

तो मालवण तालुक्यात असतो, वडिलांची होडी आता तोच चालवतो. अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. बायकोने खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. मी माफीचं जे काही ठरवून गेले होते ते बोलायच्या आधी त्याने कागद हातात घेतला. माझ्या वाळूकडे, माडाकडे त्याची नजर गेलीच नाही. वरच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि हसला. "बाई, ही आमची जागा."

मग त्याने सांगितलं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या आणि बाजूच्या दुसऱ्या दोन एका रेषेत आल्या, की होडी त्याच्या वडिलांच्या खडकावर असते. खाली खडक, वर मासा. खुणा कोणत्या ते लिहीत नाही. नववीतल्या मुलाने त्या चारही खुणा कागदावर बरोबर लावल्या होत्या, एकीमागे एक, जशा तिथून दिसतात तशा.

"ह्यां छापू नकात बाई. जागा कळतली सगळ्यांका."

पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांपुढे होडीवाल्यांच्या वाट्याला काय उरलंय, ते मालवणात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. मी कागद पिशवीत ठेवला. माफी मागितली, तीही घाईत. तो म्हणाला, "कसली माफी? बी ग्रेड मिळाली मा माका." ते त्याने मनापासून म्हटलं. त्याने मला सोडवलं की आणखी अडकवलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

निबंधात तो कागद नाही. ज्यावर सगळं उभं आहे तेच चित्र नाही. दोन पानं फक्त शब्दांत वर्णन, तेही खुणा गाळून. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मूळ चित्र कुठं आहे? मी म्हटलं, ते दाखवता येणार नाही. कारण? ते काढणाऱ्याची इच्छा नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडमना सगळं ठाऊक होतं, त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण मी जास्त बोलले नाही. पुरावा नसलेलं विधान म्हणून गुण गेले. द्वितीय श्रेणी. 'एवढं करून सेकंड क्लास?' हेही तुमच्यातल्या कुणीतरी विचारलंत, म्हणून हे सांगितलं.

आता वर्गात मी मुलांच्या कागदावर माझी पेन्सिल टेकवत नाही. दाखवायचंच झालं तर वेगळा कागद घेते. जूनपासून गणपतीपर्यंत स्मरणचित्राच्या तासाला आधी प्रत्येकाला विचारते, तू कुठून बघतोयस? माडावरून बघणारे निघतात, एसटीच्या मागच्या खिडकीतून बघणारे निघतात. एक मुलगी आजीच्या कडेवरून काढते, तिच्या सगळ्या माणसांना फक्त डोकी आणि खांदे असतात. तास पुरत नाही. मुख्याध्यापक विचारतात, ग्रेडची तयारी कुठवर आली?

गणपतीनंतर मी तयारी घेते. परवा आजीच्या कडेवरून काढणाऱ्या त्याच मुलीने विचारलं, "बाई, परीक्षेत कुठून बघायचं?"

मी म्हटलं, वाळूवरून.