सातव्या पायरीवरचं शेवाळ

डिसेंबरपासून काकूंना माझी एकच विनंती होती: विहिरीच्या पायऱ्या घासू नका. मोहोळच्या अलीकडे, हायवे सोडून आत, त्यांचा द्राक्षाचा मळा आहे. मळ्यात काळ्या दगडात बांधलेली जुनी विहीर, आत उतरायला पायऱ्या. त्यांच्या सासूबाई तिथंच एकदा घसरून पडल्या होत्या. तेव्हापासून महिन्याकाठी एकदा काकू खराटा घेऊन पायऱ्या खरवडत. आणि सोलापुरातून एक बाई येऊन सांगते, शेवाळ राहू द्या! "कॉलेजात असलंच शिकवत्यात की काय," असं त्या शेजारणीला म्हणताना मी स्वतः ऐकलंय.

त्यांचं काही चुकत नव्हतं. पाण्यावर तरंगणाऱ्या बुळबुळीत हिरव्या तारांनाही आपण शेवाळच म्हणतो आणि मी ज्याच्यामागे लागले होते त्या मॉसलाही. तारांना खोड नाही, पान नाही. मॉसला दोन्ही असतं, मुळं तेवढी नसतात. दगड धरायला नुसते तांबूस धागे. मधली शीर सोडली तर पान एका पेशीच्या जाडीचं. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पान आडवं ठेवलं की पेशी न् पेशी मोजता येते. गेली अकरा वर्षं मी हेच मोजत बसते.

सातव्या पायरीवरचं मॉस डिसेंबरात वीतभर पाण्याखाली होतं. हात घालून उपटलं तर अंगावर चुन्याचं पांढरं कवच. आपल्याकडच्या विहिरींचं पाणी जड, घरातल्या बादलीला जो थर बसतो तोच या पानांनाही बसतो. प्रयोगशाळेत पातळ केलेल्या आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं, आणि खालून जे पान निघालं ते मला ओळखता येईना. लांब, मऊ, सपाट, कडेला दात जवळपास नाहीतच. वाळवलं तर कसंही चुरगळायचं. बीजाणूंची बोंडं नाहीत. ओळखीच्या कुठल्याही जातीत ते बसत नव्हतं.

मॉसची शास्त्रीय नावं १८०१ पासून धरतात, वनस्पतिशास्त्रज्ञ हेडविगच्या ग्रंथापासून. म्हणजे नवी जात म्हणायची तर दोनशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली त्या सगळ्यांशी जुळवून पाहायला हवं. मी पाहिलं. पुण्याच्या हर्बेरियममधली, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, पाकिटं पाहिली. मॉस कागदावर चिकटवत नाहीत, घडी घातलेल्या पाकिटात ठेवतात. जुन्या पाकिटातलं करपल्यासारखं दिसणारं पान पाण्याच्या थेंबात टाकलं की मिनिटाभरात उलगडून पूर्ववत होतं. इतक्या वर्षांनी अजूनही मला त्याचं नवल वाटतं. तर जुळलं काहीच नाही. मार्चमध्ये मी वर्णन लिहायला घेतलं. नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच लिहायची सक्ती २०१२ पासून गेली, इंग्रजीत चालतं. हायड्रोगोनियम या प्रजातीत ते बसवलं; पोटिएसी कुळातली, ओल्या जागा आवडणारी प्रजाती. पुढचं नाव ठरवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. सोलापुरेन्सिस. वहीच्या मागच्या पानावर ते मी चार-पाच वेळा लिहूनही पाहिलं, लग्न ठरलेल्या मुलीसारखं.

राहिली होती बोंडं. ती असली तर वर्णन पक्कं होणार होतं. शिवाय आदर्श नमुना, म्हणजे ज्या पाकिटावर ते नाव कायमचं टांगलेलं राहणार तो, भरगच्च हवा होता. म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सहाची एसटी धरली.

विहिरीत डोकावले तर पाणी पार तळाला. सातवी पायरी कोरडी ठणठणीत, खालच्या पाच पायऱ्याही उघड्या. माझं मॉस मेलं, हाच पहिला विचार. खाली उतरले, गुडघे टेकून भिंग लावलं. पायरीच्या सांध्यातून थोडं पाणी झिरपत होतं, तेवढ्या पट्ट्यात ते हिरवं होतं. पण ते माझं नव्हतं. आखूड, ताठ, गुच्छासारखं. नुसतं पाहिलं तरी नाव तोंडावर यावं असं.

हायोफिला इन्व्होल्यूटा. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकरनं १८१९ मध्येच वर्णन करून ठेवलेली. आपल्याकडे मोऱ्या, टाक्या, कट्टे, पुलाचे खांब, जिथं म्हणून ओल आणि सिमेंट तिथं ही असते.

वाटलं, माझं वाळून गेलं आणि त्याच्या जागी ही आली. म्हणून एक काडी चिमट्यानं बुडासकट काढली, तळहातावर धरली, तोंडातल्या पाण्यानंच ओली केली आणि भिंग लावलं. काडीच्या खालच्या अर्ध्यात लांब, मऊ, कवच चढलेली पानं होती. डिसेंबरमधली, माझी. वरच्या अर्ध्यात आखूड, रुंद, शेंड्याला ठसठशीत दात असलेली. मध्ये कुठंही जोड नाही. एकच खोड. पाण्याखाली असताना त्याला तशी पानं आली होती, पाणी उतरल्यावर अशी.

दुसरी काडी काढली. तिसरी. पंधरा काढल्या.

काकू वरच्या पायरीवर धुणं घेऊन उभ्या होत्या. "काय झालं ओ मॅडम? तोंड का उतरलंय?"

मी काडी दाखवली, सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ती डोळ्यांजवळही नेली नाही. म्हणाल्या, "असंच होतंय की ओ ते दर साली. पाण्यात असलं की केस मोकळे सोडल्यागत पसरतंय, पाणी गेलं की आवळून बसतंय. घासताना कळतंय. आत्ताचं निघत नाही लवकर, पाण्यातलं एका हातानं निघतंय."

पाच महिन्यांत हा प्रश्न त्यांना विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी फक्त घासू नका म्हणत होते.

तरी संध्याकाळी प्रयोगशाळेत बसलेच. वरची पानं स्लाइडवर वाळू दिली. दोन्ही कडा आत वळून पानाची नळी झाली. इन्व्होल्यूटा म्हणजे आत वळलेली, नावच त्यावरून. मग पानांच्या बेचक्यात पाहिलं. देठावर बसलेल्या, चांदणीसारख्या टोकदार बारक्या कळ्या. त्या गळतात, वाहत जातात आणि त्यांचंच नवं रोप होतं. बोंड धरायची गरजच पडत नाही. डिसेंबरच्या नमुन्यात या कळ्या मला एकदाही दिसल्या नव्हत्या. नव्यानं सगळं ढवळून पाहिलं तेव्हा चुन्याच्या थरात अडकलेली एक सापडली. एक. आधी ती मी कचरा समजून ब्रशनं सारली असणार.

घरी निघताना कॉलेजच्या पाण्याच्या टाकीजवळ गाडी काढायला थांबले. टाकी भरून वाहते, भिंतीवर कायम ओघळ असतो. ओघळाच्या दोन्ही बाजूंना हायोफिलाची हिरवी किनार. सहा वर्षं मी तिथंच गाडी लावते.

वर्णन फाडलं नाही, पण फाइलचं नाव बदललं. त्याच पंधरा काड्या एका पाकिटात घातल्या आणि लेबलवर लिहिलं: दोन्ही रूपं एकाच खोडावर, विहिरीची सातवी पायरी, मोहोळ तालुका, मे. एकाच काडीवर दोन्ही असलेला नमुना पुण्यात तरी माझ्या पाहण्यात आला नव्हता, तेवढं तरी मी लिहून छापायला देणार आहे. सोलापुरेन्सिस वहीच्या मागच्या पानावरच राहिली.

रात्री नऊला फोन वाजला. काकू.

"मॅडम, आता तरी घासू का ओ पायऱ्या? पाऊस पडायच्या आत उरकायचंय."

म्हटलं, घासा. मग राहवलं नाही, म्हणाले, "सातवीचा उजवा कोपरा तेवढा सोडा."

पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "बरं. पण तुम्ही येताना तिकडनं उतरू नका. डावीकडनं या."