फळ्यावरचा नंबर

मी पंच, म्हणजे ग्रामपंचायतीची सदस्य, म्हणून निवडून आले आणि आठ दिवसांत पंचायतघराच्या भिंतीवरचा फळा नव्याने रंगवला गेला. माझं नाव ठळक, अगदी ‘सौ.’ लावून. पुढचा मोबाइल नंबर मात्र ह्यांचा. पेंटरला विचारलं तर म्हणाला, "बाय, दिला तो काढला." कोणी दिला ते आजतागायत कळलं नाही. ह्यांनी तर नक्कीच नाही. गटाराच्या आणि बंद दिव्यांच्या तक्रारी ऐकून ते पहिल्या चतुर्थीपर्यंतच कावले होते.

आमचं गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. वॉर्ड महिला राखीव झाला तेव्हा घरी माणसं आली ती ह्यांना भेटायला. माझी उमेदवारी ठरत होती आणि मी आत चहा गाळत होते. पाच वर्षांत मी एस्टिमेट वाचायला शिकले, रविवारच्या ग्रामसभेत आरडाओरडा करणाऱ्यांना गप्प बसवायला शिकले. मग वॉर्ड ओपन झाला. तीच माणसं परत आली. "वहिनी, आता राखीव नाही ना!" संपलं.

कुणी म्हणेल, गोव्यात हे रडगाणं कशाला? शशिकलाताई काकोडकर 1973 सालीच मुख्यमंत्री झाल्या होत्या. झाल्या, आणि 1979 पर्यंत राहिल्या. पण ती वाट त्यांच्या वडिलांच्या, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या घरातून गेली होती. 2022 च्या विधानसभेत चाळिसात तीन बायका निवडून आल्या: जेनिफर मोन्सेरात, देविया राणे, दिलायला लोबो. तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत आमदार झाले. त्यांच्या कर्तबगारीवर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न एवढाच, की घरात आमदार नसलेल्या बाईने तिकीट मागायला कोणाच्या दारात जायचं?

लोकसभेचं तर बोलायलाच नको. 1980 साली संयोगिता राणे मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तिकिटावर पणजीतून निवडून गेल्या, त्यानंतर आजवर गोव्याची एकही बाई तिथे पोचलेली नाही. 2024 ला दक्षिण गोव्यात भाजपने पल्लवी धेंपोंना उभं केलं; त्या पक्षाने इथे लोकसभेला बाई देण्याची ही पहिलीच वेळ. साडेतेरा हजारांच्या फरकाने पडल्या. त्या सबंध लोकसभेत 543 पैकी 74 बायका आल्या.

एका लोकसभा मतदारसंघात आमच्याकडे वीस विधानसभा मतदारसंघ येतात. 2024 ला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा होती 75 लाख. गोव्याच्या नागरी कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत माझा अर्धा वाटा आहे, हे आम्ही परराज्यातल्या बायकांना फुशारकीने सांगतो. त्या अर्ध्या वाट्यातून मी पोस्टर छापायला पैसे काढले तरी घरात आठ दिवस अबोला होईल. सोन्याच्या कपाटाची किल्ली तर सासूबाईंकडे.

आता 2023 चा कायदा आहे, लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा. त्याही आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, आणि मग आरक्षण. आजच्या हिशेबाने चाळिसात तेरा जागा बायकांच्या. शिवाय तिथेही जागा फिरत्याच राहणार; आमच्या वॉर्डासारख्या दर निवडणुकीला नाही, पण मतदारसंघांच्या दर फेररचनेनंतर. म्हणजे एकीने शिकायचं आणि शिकून झालं की उठायचं.

माझी मुदत संपून दोन वर्षं झाली. परवा रात्री नऊला ह्यांचा फोन वाजला: देवळाकडचा दिवा गेलाय. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. "घे, तुझा आहे."

देवळाकडचा वॉर्ड आता महिला राखीव; तिथल्या नव्या पंच बाईचा नंबर मी फोन करणाऱ्याला सांगितला. तिच्या दिराचा आहे.